टॅब पुसा, पण धुऊ नका

"डॉक्टरसाहेब, पोरीची टॅबलेट धुतली अन् थे बंदच पडली जी!"

रिठदच्या दवाखान्यात एक बाई असे म्हणाल्या, तेव्हा मला वाटले की यांनी मुलीला दिलेली औषधाची गोळी पाण्यात धुतली असावी. खेड्यात काहीही होऊ शकते, या समजुतीने मी विचारले, "कोणती गोळी? कशासाठी दिली होती?"

"गोळी नाही जी. अभ्यासाची टॅबलेट."

त्यांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेला टॅब काढून माझ्यापुढे ठेवला. टॉवेल उलगडताच तांदळाचे पाच-सहा दाणे टेबलावर घरंगळले. फिनाईलचा वासही आला. काचेवर पांढुरके ओघळ वाळलेले होते आणि एका कोपऱ्यात काचेच्या आत धुके जमावे तसा डाग होता.

वाशीमहून रिसोडकडे जाताना रिठद लागते. आठवड्यातून एक दिवस मी तेथे रुग्ण तपासायला जातो. गेल्या पावसाळ्यातली ही गोष्ट. बाई खरे तर टॅब दाखवायला आल्याच नव्हत्या. त्यांच्या सात-आठ वर्षांच्या मुलाचे डोळे आले होते. दोन्ही डोळे लाल, पापण्या सुजलेल्या, सकाळी चिपडांनी चिकटणाऱ्या. मुलाला बहिणीच्या टॅबवर चित्रफिती पाहण्याचा नाद. बहीण बारावी विज्ञान शाखेत, नीटची तयारी करणारी. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेच्या योजनेतून अशा विद्यार्थ्यांना मोफत टॅब मिळाले, त्यांपैकी तिचा एक. भावाचे डोळे आले आणि तो टॅब हाताळतो म्हटल्यावर आईला धास्ती बसली. परीक्षेच्या वर्षात मुलीचे डोळे आले तर? घरात सॅनिटायझर नव्हते. म्हणून त्यांनी बादलीत फिनाईल घातले, फडके बुडविले, ते नीट न पिळताच टॅब पुढून, मागून, कडेकडेने घासून काढला. पुसून झाल्यावर तो सुरू होईना, म्हणून चार्जर लावला. तेव्हा तो गरम झाला आणि मग कायमचा गप्प झाला. कोणीतरी सांगितले म्हणून रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवला.

मी म्हणालो, "अहो, फिनाईलने कशाला पुसायचे?"

त्या सहज म्हणाल्या, "तुम्हीच तं पेपरात लिहिलं होतं, की हात लागन त्या वस्तूवरचे जंतू मारा म्हणून."

यावर मला काही बोलता आले नाही. कारण बाईंचे म्हणणे खरे होते.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा याच सदरातून मी लिहिले होते की भाजी, दुधाची पिशवी, नोटा, मोबाईल, जे जे बाहेरून येईल ते ते निर्जंतुक करून घ्यावे. फिनाईल वापरा असे मी लिहिले नव्हते, पण काय वापरू नये हेही लिहिले नव्हते. त्या दिवसांत आम्हा डॉक्टरांनाही भीतीने घेरले होते. गावोगावी रस्त्यांवर हायपोक्लोराईटची फवारणी चालली होती. मी स्वतः माझा टॅब दिवसातून आठ-दहा वेळा जखम पुसण्याच्या स्पिरिटने घासत असे. सहा महिन्यांत त्याची काच अशी झाली, की बोट सरकेना आणि प्रत्येक बोटाचा ठसा उमटून राही. तो अजून माझ्या कपाटात आहे.

पुढे शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी २०२० सालीच 'लॅन्सेट'च्या संसर्गजन्य रोगांच्या नियतकालिकात लिहिले, की वस्तूंवरून कोरोना पसरण्याची भीती वाजवीपेक्षा जास्त रंगविली गेली आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या संस्थेचा प्रयोग गाजला. काचेवर हा विषाणू २८ दिवस तग धरतो, अशी बातमी सगळीकडे झळकली. पण तो प्रयोग २० अंश तापमानाला आणि काळोखात केला होता, हे बातमीच्या शेवटी कोठेतरी असे. ४० अंशांना तोच काळ दोन दिवसांच्या आत आला होता. आमच्या वऱ्हाडातला उन्हाळा ४० अंशांवर थांबत नाही, हे वाचकांना सांगायला नको. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने कोरोना होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. हे सर्व मी वाचले होते. पण आधी दिलेला सल्ला याच जागेतून दुरुस्त करायचे राहून गेले. आज ते करतो आहे.

मग टॅब, मोबाईल पुसायचेच नाहीत काय? तसे नाही. २०११ साली लंडनच्या एका नामवंत वैद्यकीय संस्थेने ब्रिटनमधील १२ शहरांतील मोबाईल तपासले. दर सहा मोबाईलमागे एकावर विष्ठेतील ई-कोलाय जंतू आढळले. मोबाईल काही शौचाला जात नाही. ते जंतू हातावरून आले. शौचानंतर साबणाने न धुतलेला हात काचेला लागला, काचेचे बोट तोंडात गेले, असा हा फेरा आहे. म्हणजे काच हा मधला मुक्काम आहे. हात स्वच्छ असेल तर काच फारशी घाण होत नाही, आणि हात घाण असेल तर काच तासातासाला पुसूनही उपयोग नाही.

डोळ्यांच्या साथीत मात्र हा मधला मुक्काम महत्त्वाचा ठरतो. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. आळंदीपासून तिची चर्चा सुरू झाली आणि पुढे आपल्या शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात राज्यातील सर्वाधिक रुग्ण नोंदले गेले. आजारी माणसाच्या डोळ्यांत नुसते पाहिल्याने डोळे येतात, ही समजूत त्याही वेळी घरोघरी होती. काळे चष्मे घालून लोक हिंडत होते. डोळे पाहण्याने येत नाहीत, ते हाताने येतात. मुलगा डोळा चोळतो, तोच हात टॅबवर फिरवतो, बहीण तोच टॅब घेते आणि अभ्यास करता करता नकळत पापणी चोळते.

साथीचे डोळे बहुधा अ‍ॅडिनो किंवा एन्टेरो गटातील विषाणूंमुळे येतात. आणि येथे एक अडचण आहे. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण असते. साबण आणि अल्कोहोल ते आवरण विरघळवतात, म्हणून तो विषाणू लवकर मरतो. अ‍ॅडिनो आणि एन्टेरो विषाणूंना असे आवरणच नाही. ते चिवट असतात. कोरड्या वस्तूवर कित्येक दिवस टिकतात आणि काच पुसायला जे आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, त्याला ते फारसे दाद देत नाहीत. त्यांना मारणारे ब्लीचसारखे द्रावण असते, पण ते टॅबला मारक. तेव्हा डोळे आलेल्या मुलापुरता उपाय एकच, की विषाणू मारण्याच्या मागे न लागता तो पुसून काढावा आणि वस्तू वेगळी ठेवावी. डोळ्यांची लाली आणि पाणी पूर्ण थांबेपर्यंत त्याच्या हाती घरातला टॅब देऊ नये. रुमाल, टॉवेल, उशी वेगळी. औषध घालण्यापूर्वी आणि नंतर आईने साबणाने हात धुवावेत. औषधाच्या दुकानातून कोणतेही थेंब स्वतःच्या मनाने आणू नयेत. काहींत स्टिरॉईड असते आणि त्याने बुबुळाला इजा होऊ शकते. रिठदच्या त्या मुलाच्या खिशात अशीच एक बाटली निघाली, ती मी काढून घेतली.

आता टॅबची काच साधी नसते हे थोडे समजून घेऊ. तिच्यावर कारखान्यात एक अतिशय पातळ लेप चढवलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. बोटाचे तेल काचेला चिकटू नये, बोट सहज सरकावे, म्हणून तो असतो. वापराने तो हळूहळू झिजतोच; पण फिनाईल, ब्लीच, अमोनियायुक्त काच पुसण्याचे द्रव, रॉकेल, पेट्रोल, थिनर, भांडी घासायची पूड यांनी तो फार लवकर जातो. माझ्या टॅबचे तेच झाले. दुसरे असे की, बोट काचेला टेकताच तेथील विद्युतभारात होणारा सूक्ष्म बदल टॅब ओळखतो. काचेवर पाण्याचा थर असला तर त्याला बोट कोणते आणि पाणी कोणते हे कळत नाही, आणि तो आपोआप काहीतरी उघडत-मिटत राहतो. ओल्या टॅबवर "भूत" आल्यासारखे वाटते ते यामुळे. आणि कडेच्या फटी, चार्जिंगचे छिद्र, आवाजाची जाळी येथून पाणी आत शिरले की मग काच कितीही चकचकीत असो, उपयोग नाही.

त्या बाईंच्या समोरच मी माझा सध्याचा टॅब पुसून दाखविला. प्रथम बंद केला आणि चार्जरची पिन काढली. मग कोरड्या, मऊ फडक्याने धूळ झटकली. हे कोरडे झटकणे आपल्याकडे विशेष महत्त्वाचे आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरभर कुटाराची धूळ असते. तिच्यात मातीचे बारीक खडे असतात. ओल्या फडक्याने एकदम घासले तर तेच खडे काचेवर चरे पाडतात. फडके चष्म्याचे असते तसे असावे. नसेल तर अनेकदा धुऊन मऊ झालेले जुने सुती कापड चालते. टॉवेल, वर्तमानपत्राचा कागद (हाही कागद त्यात आलाच!) आणि पातळ कागदी रुमाल नकोत.

नंतर फडक्याचे टोक साध्या पाण्याने भिजवून घट्ट पिळावे. पिळल्यावर मुठीत दाबले तरी थेंब पडता कामा नये. एवढ्या ओलाव्यानेही बरीचशी घाण आणि तिच्याबरोबर बरेचसे जंतू निघून जातात. रिसोड-वाशीम भागात हळदीचे पीक मोठे. हळद शिजवण्या-वाळवण्याच्या दिवसांत ज्या त्या मोबाईलच्या काचेवर पिवळे बोट दिसते. असा तेलकट-पिवळा डाग असेल तर वाटीभर पाण्यात भांडी धुण्याच्या सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून फडके पिळून घ्यावे आणि नंतर पुन्हा साध्या ओल्या फडक्याने साबण काढावा. पुसताना चार्जिंगच्या छिद्राकडे फडके न्यायचे नाही. शेवटी कोरडे फडके. एवढे पुरे. घरातल्या एकाच माणसाच्या वापरातल्या टॅबला आठवड्यातून दोन-तीनदा हे केले की काम झाले.

निर्जंतुकीकरण त्यापुढची पायरी आहे, आणि ती सर्वांना रोज लागत नाही. दवाखान्यात रुग्णाजवळ नेलेला टॅब, शाळेत दहा मुलांच्या हातून फिरणारा टॅब, घरात सर्दी-खोकला किंवा जुलाबाचा रुग्ण असताना सर्वांनी वापरलेला टॅब, यांना ती लागते. त्यासाठी औषध दुकानातून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मागावे. ७० टक्केच का? ९९ टक्के अधिक जालीम नव्हे काय? तसे नाही. जंतूंची प्रथिने गोठवायला थोडे पाणी लागते, आणि शुद्ध अल्कोहोल काम होण्याच्या आतच उडून जाते. ते फडक्यावर घ्यावे, टॅबवर कधीही ओतू अथवा फवारू नये. काच हलकेच पुसून ती अर्धा-एक मिनिट ओलसर राहील आणि आपोआप वाळेल असे पाहावे. आयपॅड तयार करणाऱ्या अ‍ॅपल कंपनीने पूर्वी यालाही मनाई केली होती. मार्च २०२० मध्ये तिने ७० टक्के आयसोप्रोपिलच्या पुसण्यांना परवानगी दिली, ब्लीचला मात्र नाही. आपल्या टॅबबरोबर आलेली पुस्तिका एकदा वाचावी.

हाताचे सॅनिटायझर टॅबला नको. हाताची कातडी फाटू नये म्हणून त्यात ग्लिसरीन घातलेले असते, वास आणि चिकटपणाचे घटकही असतात. काचेवर त्याचा चिकट थर बसतो आणि त्यावर आणखी धूळ.

माझे एक साधे मत सांगतो. काचेवर वरून चिकटवायची काच बसवून घ्यावी. शंभर-दोनशे रुपयांत मिळते, पुसण्याचा सारा मार तीच खाते, आणि खराब झाली की बदलता येते. आजारी मुलाला टॅब द्यावाच लागला तर तो स्वच्छ, पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावा. बोट पिशवीवरूनही चालते. नंतर टॅब काढून घ्यावा आणि पिशवी टाकून द्यावी. पिशवीत असताना मात्र चार्जर लावू नये, टॅब तापतो.

टॅब ओला झालाच तर? लगेच बंद करावा. छिद्राची बाजू खाली धरून हलकेच झटकावा आणि पंख्याखाली किमान एक दिवस ठेवावा. उन्हात, चुलीजवळ किंवा केस वाळवण्याच्या यंत्रापुढे नाही. तो पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नये. त्या बाईंच्या टॅबचे खरे नुकसान फिनाईलपेक्षा ओल्यात लावलेल्या चार्जरने झाले असावे. तांदळाचा उपाय सर्वत्र ऐकू येतो; पण २०२४ साली अ‍ॅपलनेच ग्राहकांना सांगितले, की ओला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात.

आता टॅबपेक्षा मोठ्या जोखमीकडे वळतो. जंतू मारायच्या या द्रवांची बाटली घरात कोठे असते? टॅबचे पैसे गेले तर परत मिळवता येतात. पण ३१ जानेवारी २०२१ ची यवतमाळ जिल्ह्यातील घटना वाचकांना आठवत असेल. घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी गावात पोलिओ लसीकरणाच्या दिवशी पाच वर्षांखालील १२ बालकांना लशीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. बाळांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बरी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वणी येथे टाळेबंदीत दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर प्यालेल्या सात जणांचा मृत्यू झाला. ही गावे काही परदेशात नाहीत. रिठदच्या बाईंना मी विचारले, फिनाईल कशात ठेवता? "पाण्याच्याच बाटलीत जी, सुट्टं आणतो तं." पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली दिसली की लहान मूल ती तोंडाला लावते. तेव्हा असा द्रव मूळ बाटलीतच, मुलाच्या हाताबाहेर, शक्य तर कुलपात ठेवावा. मुलाने चुकून प्याल्यास त्याला उलटी करवू नये. बाटलीसह ताबडतोब दवाखान्यात न्यावे. अल्कोहोल चुलीजवळ, देवाच्या दिव्याजवळ वापरू नये, त्याची वाफही पेट घेते. आणि ब्लीच व संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसे जाळतो.

मुलाचे डोळे आठ-दहा दिवसांत स्वच्छ झाले. मुलीचे आले नाहीत. टॅब वाशीमच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. चार्जिंगचा भाग गंजला होता, तो बदलून मिळाला. कोपऱ्यातला डाग मात्र काचेच्या आत असल्याने तसाच राहिला. दुरुस्तीचे पैसे देण्याचा मी आग्रह केला, कारण चूक निम्मी माझी होती. बाईंनी ते घेतले नाहीत.

पुढच्या खेपेस मुलगी स्वतः आईबरोबर आली होती. दुरुस्तीच्या काळात तिची एक सराव परीक्षा हुकली, हे तिने तक्रारीच्या सुरात नव्हे, पण सांगितले. टॅब पाहू म्हटले तेव्हा तिने तो पारदर्शक पिशवीतून काढला. काच स्वच्छ होती. डागाच्या कोपऱ्यात प्रश्नाचा शेवटचा पर्याय झाकला जातो, म्हणून ती पान वर सरकवून वाचते. मी माझा मोबाईल टेबलावर ठेवून मुलाचे डोळे तपासू लागलो, तेव्हा ती आईच्या कानात काहीतरी कुजबुजली. आई हसून म्हणाल्या, "पोरगी म्हणते, डॉक्टरसाहेबाच्या मोबाईलवर हळदीचं बोट हाय."

होते खरे. सकाळी एका घरी चहाबरोबर पोहे खाल्ले होते.